एकीचं ग्लुटेन बंद, बाकी घर गव्हावर: ब्रेड, भांडी आणि डबा

खिडकीपाशी:
मुलगी ७ वर्षांची. सीलिअ‍ॅकचं (गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याचं अस्तर बिघडतं तो आजार) निदान रक्ततपासणी आणि बायोप्सी दोन्हींतून पक्कं झालंय, त्यामुळे "खरंच बंद करायला हवं का" हा प्रश्न उरलेला नाही. धाकटा ४ वर्षांचा, तो आणि आम्ही दोघं सगळं खातो. तीन ठिकाणी अडलंय.

ब्रेड: तांदळाचं पीठ २ कप, कॉर्नफ्लोअर २ कप, झँथन गम २ चमचे, यीस्ट, थोडं तेल, मीठ, साखर. पाणी केकच्या मिश्रणाइतकं सैल होईपर्यंत. दुप्पट फुगला की १८० अंशांवर ३५ मिनिटं. ओव्हनमध्ये देखणा दिसतो, बाहेर काढला की मधोमध बसतो. तळाला रबरासारखा ओला थर. दुसऱ्या दिवशी उरलेल्याचा भुगा.

भांडी: घरात गहू ठेवायचा की सगळ्यांचाच बंद करायचा? वेगळं नेमकं काय काय घ्यायचं?

डबा: सकाळी ७ ला भरलेलं ११ ला थंडगार खाल्लं जातं, तोवर सगळं कडक होतं.

मोजपट्टी:
ब्रेडचं सांगते. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकच काहीतरी बदलून भागणार नाही.

मधे बसतो, कारण जास्त फुगवला. गव्हाच्या कणकेत ग्लुटेनची जाळी वायू धरून ताणली जाते आणि भाजताना तशीच पक्की होते. इथे जाळीच नाही, बुडबुडे धरून ठेवलेत ते नुसत्या दाटलेल्या पाण्याने. दुप्पट होईपर्यंत थांबलात की बुडबुड्यांच्या भिंती इतक्या पातळ होतात की स्टार्च शिजून घट्ट व्हायच्या आतच त्या फुटतात. दीडपट झाला की ओव्हनमध्ये. जरा लवकर गेला तर चालेल, उशीर चालत नाही.

तळाचा ओला थर म्हणजे आत कच्चा राहिला. १८० वर ३५ मिनिटं या ब्रेडला फारच कमी आहेत. यात पिठाच्या वजनाइतकं पाणी असतं, ते बाहेर पडायला वेळ लागतो. वरच्या रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर मध्यभागी खुपसून ९७-९८ अंश दिसले की झाला.

भुगा होतो कारण शिजलेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा आवळतो. फ्रिजमध्ये हे सगळ्यात वेगाने होतं, म्हणून ब्रेड फ्रिजमध्ये ठेवायचाच नाही. एक तर त्या दिवशी बाहेर, नाहीतर थेट फ्रीजरमध्ये.

आणि कप सोडून वजनकाटा घ्या. एका कपात तांदळाचं पीठ दीडशे ग्रॅमच्या आसपास बसतं, टॅपिओका स्टार्च सव्वाशेच्याही आत. कपाने मोजलं की दर वेळी ब्रेड वेगळा होणार आणि चूक कुठे झाली ते कधीच कळणार नाही.

२१ × ११ सेंटिमीटरच्या उंच साच्यासाठी: तांदळाचं अगदी बारीक पीठ १६० ग्रॅम, ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ८० ग्रॅम, बटाट्याचा स्टार्च ६० ग्रॅम. इसबगोलाचा भुसा २० ग्रॅम, पाणी ४०० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, तेल ३० मिली. झँथन नको. तो मिश्रण दाट करतो, पण ब्रेडला हाताने आकार देता येईल असा चिवटपणा इसबगोलच देतो. एकाच्या जागी दुसरा तेवढाच घातला असं जमत नाही.

पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. त्यात इसबगोल भुरभुरत घाला आणि घालता घालता फेटा, एकदम ओतला तर गुठळ्या होतील आणि मग त्या मोडत नाहीत. ५ ते १० मिनिटांत जेलीसारखं होईल. कोरडे जिन्नस वेगळे नीट मिसळा, त्यात ही जेली आणि तेल घाला आणि चांगलं ५ मिनिटं मळा. ग्लुटेन तयार करायला नाही, जेली पिठात सगळीकडे सारखी पोचावी म्हणून. पांढरे सुके ठिपके दिसत असतील तर अजून मळा. ओल्या हाताने गोळा साच्यात दाबून बसवा, वरचा भाग ओल्याच हाताने गुळगुळीत करा. भेगा ठेवल्यात तर तिथेच फाटतो. एकदाच फुगवायचा, उबदार जागी ४५ ते ६० मिनिटं. दुसऱ्यांदा मळून पुन्हा फुगवणं ही गव्हाची पद्धत, इथे फायदा काही नाही.

२२० अंशांवर २० मिनिटं, मग २०० वर ४० ते ४५. पंख्याचा ओव्हन असेल तर दोन्हीकडे २० अंश कमी. शेवटची १० मिनिटं साच्याबाहेर काढून, म्हणजे तळ आणि कडा सुकतात. नंतर जाळीवर पूर्ण २ तास. गरम कापलात तर सुरीला लगदा चिकटतो आणि ब्रेड कच्चा आहे असं वाटतं. तो कच्चा नसतो, फक्त घट्ट बसलेला नसतो. गार झाला की सगळा कापा, दोन स्लाइसमध्ये कागद घाला आणि त्याच दिवशी फ्रीजरमध्ये. लागेल तसा गोठलेलाच टोस्ट करायचा.

बदल करायचा तर पिठाच्या जागी पीठ, स्टार्चच्या जागी स्टार्च, तेही वजनाने. ज्वारीऐवजी बाजरी किंवा कुट्टू (बकव्हीट) चालतं. सगळंच धान्याचं पीठ घातलं तर वीट होते, सगळाच स्टार्च घातला तर रबर. आणि एखाद्या इसबगोलाने ब्रेड जांभळट करडा दिसतो. बिघडलेला नसतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा भुसा आणा.

कोरडा ओटा:
भांड्यांआधी आकडे, म्हणजे कुठे घाबरायचं आणि कुठे नाही हे ठरवता येईल.

गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ते ३ ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे २००० मिलिग्रॅमच्या वर. सीलिअ‍ॅक असलेल्या मोठ्या माणसांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅमने तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तरात बिघाड दिसला. साधारणपणे दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं धरतात. म्हणजे एका स्लाइसचा दोनशेवा भाग. लोण्याच्या डब्यात पडलेला ब्रेडचा चुरा तेवढा सहज होतो.

उलट बाजू: ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम. असा अगदी मर्यादेवरचा पदार्थ २०० ग्रॅम खाल्ला तरी ४ मिलिग्रॅम होतात. तेव्हा लेबलवाल्या पाकिटाला घाबरू नका, लोण्याच्या डब्याला घाबरा.

घरात गहू ठेवायचा का, यावर माझं मत स्पष्ट आहे. गव्हाचं सुटं पीठ घरातून काढा, गव्हाचा तयार ब्रेड आणि बिस्किटं ठेवली तरी चालतील. पीठ उडतं, ओट्यावर, कपाटाच्या कडीवर, उघड्या पातेल्यात बसतं. ब्रेडचा चुरा निदान दिसतो आणि पुसता येतो. रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच आणि ग्लुटेनशिवाय करा. सॉस दाट करायला मैद्याऐवजी कॉर्नफ्लोअर (मैदा २ चमचे लागत असेल तिथे हे १ पुरे, थंड पाण्यात कालवून) एवढा बदल केला तर बाकीच्यांना फरकही कळत नाही. दोन स्वयंपाक करायला गेलात की एक दिवस चमचा चुकतोच.

वेगळं घ्यायचं ते असं: पिठाची चाळणी, पास्ता निथळायची जाळी, लाटणं आणि लाटायची फळी, लाकडी चमचे, ब्रेड कापायचा लाकडी पाट, टोस्टर. जिथे भोकं, चिरा, सांधे आहेत तिथे पीठ अडकून राहतं. चाळणी सगळ्यात वाईट, कितीही धुवा. स्टील, काच, चिनीमाती साबणाने नीट धुतली की झालं. घासायची घासणी मात्र वेगळी ठेवा. चरे पडलेला नॉनस्टिक तवा बाद करा. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून धुता येत असेल तर ठीक, नसेल तर दुसरं भांडं घ्या.

लोणी, जॅम, शेंगदाण्याचं लोणी यांचा मुलीचा वेगळा डबा, झाकणावर मोठी खूण. कपाटात तिचं सामान वरच्या फळीवर, कारण चुरा खाली पडतो. गव्हाचं काही तळलेल्या तेलात तिचं तळायचं नाही. तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही.

जुनीसुरी:
टोस्टरबद्दल थोडं वेगळं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गव्हाचा ब्रेड भाजलेल्याच टोस्टरमध्ये ग्लुटेन-फ्री ब्रेड भाजून तपासला, तर एकाही नमुन्यात आकडा २० पीपीएमच्या वर गेला नाही. गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच शिजवलेला ग्लुटेन-फ्री पास्ता मात्र मर्यादेबाहेर गेला. आधी टोस्टरला पैसे घालवायचे आणि पास्ता त्याच पाण्यात टाकायचा, असं व्हायला नको. पहिला खर्च चाळणी आणि जाळीवर करा.

कोरडा ओटा:
आकडा मान्य. ते नमुने थोडे होते आणि ज्या टोस्टरच्या तळाला महिनोन्महिन्यांचा चुरा साचलाय तो वेगळा प्रकार, म्हणून मी वेगळाच सांगेन. पण क्रम तुमचा बरोबर. पास्ता आधी.

रिकामी बरणी:
लेबल वाचताना "गहू" एवढाच शब्द शोधू नका. गहू, बार्ली आणि राय ही तीन धान्यं, आणि त्यांचेच प्रकार: रवा, कुसकुस, बल्गर, स्पेल्ट, ट्रिटिकेल. कुट्टूचा गव्हाशी संबंध नाही. सगळ्यात जास्त चकवतं ते माल्ट, म्हणजे बहुतेक वेळा बार्ली. कॉर्नफ्लेक्समध्ये मका असतो म्हणून लोक बिनधास्त घेतात आणि त्यात चवीला माल्ट घातलेलं असतं. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. सूपच्या वड्या, सॉसेज, तयार मसाले आणि बेकिंग पावडर दर वेळी वाचा, पाकीट तेच असलं तरी, कारण जिनसांची यादी बदलते. "गहूविरहित" लिहिलेल्यात बार्ली असू शकते. उलट ग्लुकोज सिरप आणि डेक्स्ट्रोज गव्हाच्या स्टार्चपासून केलेले असले तरी त्यांत ग्लुटेन जवळपास उरत नाही, त्यांच्यासाठी डोकं खाऊ नका.

ओट्स: धान्य म्हणून बहुतेकांना चालतात, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत गहू-बार्ली मिसळलेली असते. फक्त ग्लुटेन-फ्री लेबल असलेलेच. थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. निदान ताजं असेल तर आत्ताच सुरू करू नका, आधी तब्येत आणि रिपोर्ट सुधारू द्या आणि मग डॉक्टरांना विचारून थोडे थोडे.

आणि ज्वारी, तांदूळ, बाजरी मुळात निर्धोक असली तरी ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथलं पीठ निर्धोक नाही. दोन दळणांच्या मधे जात्यात राहिलेलं पीठ पुढच्यात येतं. अख्खं धान्य आणून, ताटात पसरून निवडून, धुऊन-वाळवून घरी दळा, नाहीतर लेबल असलेलं पीठ घ्या.

खिडकीपाशी:
खूप मदत झाली. दोन उपप्रश्न. इसबगोल भुशाऐवजी भुकटी मिळाली तर? आणि धाकट्याचं ग्लुटेनही आत्ताच बंद करावं का, म्हणजे घर एकसारखं होईल?

मोजपट्टी:
भुकटी १७ ग्रॅम. ती लवकर पाणी ओढते, म्हणून फेटायची घाई जास्त.

सावलीतली:
धाकट्याचं बंद करू नका, निदान तपासणी होईपर्यंत तरी. सख्ख्या भावंडांत दहात एकाच्या आसपास सीलिअ‍ॅक सापडतो, बऱ्याचदा काही लक्षण नसताना, म्हणून घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी सुचवतात. टीटीजी-आयजीए (या आजारात रक्तात वाढणारी प्रतिपिंडं) आणि त्याच्याबरोबर एकूण आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या प्रतिपिंडांचं प्रमाण). एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी खोटीच "ठीक" येते. पोटात ग्लुटेन जात असतानाच ही तपासणी खरं सांगते. बंद करून तपासायला गेलात तर उत्तर मिळत नाही आणि मग निदानासाठी पुन्हा गहू खाऊ घालायची वेळ येते. आज ठीक आली तरी पुढे काही वर्षांनी पुन्हा करतात, किती अंतराने ते डॉक्टर सांगतील. तेव्हा रात्रीचं जेवण एक, पण त्याच्या नाश्त्यात किंवा डब्यात गव्हाचं राहू द्या. ४ वर्षांचं मूल बिस्किट हातात घेऊन घरभर फिरतं, एवढाच एक नियम लावा: गव्हाचं काहीही टेबलापाशी बसूनच खायचं, उठताना हात धुवायचे.

मुलीचा टीटीजी हळूहळू उतरतो, महिने लागतात, कधी वर्षाच्याही वर. तो सारखा उतरत असणं महत्त्वाचं. मधेच थांबला किंवा वर गेला तर कुठून तरी ग्लुटेन जातंय. लोह, ड जीवनसत्त्व, फोलेट यांची पातळी बघून घ्या. गव्हाच्या पिठात बऱ्याच ठिकाणी लोह-फोलेट घातलेलं असतं, ग्लुटेन-फ्री पिठांत सहसा नसतं. सुरुवातीला दुधाने पोट बिघडत असेल तर घाबरू नका, अस्तर सुधारलं की बहुतेक वेळा ते परत पचायला लागतं. बद्धकोष्ठ बऱ्याचदा होतो, कारण सगळं स्टार्चवर जातं. डाळी, भाज्या, फळं, ज्वारी-बाजरी यांनी ते सुटतं. रोज तिन्ही वेळा तांदूळ नको. तांदळात इतर धान्यांपेक्षा आर्सेनिक जास्त असतं आणि लहान मुलांत वजनाच्या मानाने ते जास्त जातं. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं तर ते कमी होतं.

जुनीसुरी:
डबा. कडक होणं तेच, मोजपट्टींनी सांगितलेलं स्टार्चचं आवळणं. त्याच्याशी भांडण्यापेक्षा जे पदार्थ थंड चांगले लागतात तेच डब्यात, आणि जे गरमच हवेत ते थर्मासमध्ये.

सँडविच द्यायचं तर ब्रेड हलका टोस्ट करा, पूर्ण गार होऊ द्या, दोन्ही स्लाइसना लोणी लावून मग आत सारण. लोणी ओलावा अडवतं. गरम असतानाच डबा बंद केला तर वाफेने खालची बाजू लगदा होते.

पास्ता नुसत्या तांदळाचा थंड झाला की खडखडीत. मका-तांदूळ मिश्र किंवा डाळीच्या पिठाचा नरम राहतो. १०० ग्रॅमला सव्वा लिटर उकळतं पाणी, पहिली २ मिनिटं सारखं ढवळा (तेव्हाच चिकटतो), पाकिटावरच्या वेळेआधी मिनिटभर चाखून बघा. निथळून कोमट पाण्याने धुवा म्हणजे वरचा चिकट स्टार्च जातो, मग चमचाभर तेल. थर्मासमध्ये घालायचा तर थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून ५ मिनिटं ठेवा, ओता, लगेच कडकडीत गरम पदार्थ भरा आणि काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास ११ पर्यंत टिकत नाही. भात आदल्या दिवशीचा देत असाल तर शिजल्यावर तासाभरात गार करून फ्रिजमध्ये गेलेला हवा आणि सकाळी पूर्ण वाफाळेपर्यंत तापवलेला. कोमट भात तासन्‌तास डब्यात ठेवणं पोटाला महागात पडतं.

मफिन फ्रीजरमधून सकाळी सरळ डब्यात टाकले की ११ पर्यंत सुटतात. १२ मफिनना तांदळाचं पीठ १२०, ज्वारीचं ६०, टॅपिओका ४० ग्रॅम, झँथन अर्धा चमचा सपाट (इथे झँथनच बरा), साखर १०० ग्रॅम, मीठ चिमूट, २ अंडी, दही १८० ग्रॅम, तेल ८० मिली. बेकिंग पावडर सोडून सगळं कालवा आणि अर्धा तास ठेवा. तांदळाचं पीठ तेवढ्यात पाणी पितं, नाहीतर खाताना वाळू लागते. मग १० ग्रॅम बेकिंग पावडर चाळून मिसळा आणि १८० अंशांवर २० ते २२ मिनिटं. केळं कुस्करून घालायचं तर दही ५० ग्रॅमने कमी.

शाळेत बाईंना एक गोष्ट लिहून द्या: मुलांना खेळायला देतात ती रंगीत मऊ माती बऱ्याचदा गव्हाच्या पिठाची असते. कातडीतून काही होत नाही, पण तेच हात तोंडात जातात. खेळून झाल्यावर साबणाने हात धुणं पुरेसं. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही, फक्त जंतू मरतात. वाढदिवसाच्या केकसाठी शाळेच्या फ्रीजरमध्ये तिचे दोन मफिन नाव घालून ठेवता आले तर बघा.

खिडकीपाशी:
आत्ता ब्रेड कालवलाय. ४०० मिली पाणी घालून हाताला फारच चिकट लागतंय. अजून पीठ घालू?

मोजपट्टी:
नाही. झाकून १० मिनिटं थांबा, ज्वारी आणि इसबगोल दोन्ही अजून पाणी ओढतील. मग हात ओला करून उचलून बघा. गोळा आकार धरून राहिला आणि ओल्या हाताला चिकटला नाही तर बरोबर आहे, थेट साच्यात घाला. तरीही पसरत असेल तर पीठ नाही, इसबगोल अजून २ ग्रॅम, वरून भुरभुरून पुन्हा मळा. पीठ घातलंत तर भाजल्यावर कोरडा चुरा होतो.